वैमानिकाची झोप आणि आपली मुक्कामी गाडी

विमानाचा आणि मंठ्याचा संबंध काय, असं विचारणारे कमेंटमध्ये येणारच आहेत, म्हणून आधीच सांगतो. आपल्या गावाला ना विमानतळ, ना रेल्वे. विमान पकडायचं तर छत्रपती संभाजीनगर नाहीतर नांदेड गाठावं लागतं. आपल्यातल्या कित्येकांनी विमान शेतात उभं राहून, मान वर करूनच बघितलंय. पण डिसेंबरात देशभरच्या विमानतळांवर जो गोंधळ झाला तो पावसामुळे किंवा मशीन बिघडल्यामुळे झाला नव्हता. तो ड्युट्या लावण्याच्या पद्धतीमुळे झाला. आणि ड्युट्या लावण्याचा प्रश्न आपल्या बसस्थानकावरही रोजचाच आहे. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

३ ते ५ डिसेंबर २०२५ या तीन दिवसांत इंडिगोची २,५०७ उड्डाणं रद्द झाली, १,८५२ उशिरा सुटली आणि तीन लाखांवर प्रवासी अडकले. हे आकडे डीजीसीएचे आहेत, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेचे. देशात विमानाने फिरणाऱ्या दर दहा माणसांतली सहाहून जास्त या एकाच कंपनीने जातात. ती बसली की सगळंच बसतं. दुसऱ्या कंपन्यांची तिकिटं इतकी भडकली की ६ डिसेंबरला सरकारला भाड्यावर मर्यादा घालावी लागली. ५०० किलोमीटरपर्यंत साडेसात हजार, दीड हजार किलोमीटरच्या पुढे अठरा हजार.

कारण काय सांगितलं गेलं? तर वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले, त्यामुळे माणसं कमी पडली. ऐकायला पटतं. पण तारखा बघा.

हे नियम डीजीसीएने ८ जानेवारी २०२४ ला काढले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास केली. रात्र पहाटे पाचपर्यंत धरायचे, ती सहापर्यंत धरली. रात्रीच्या ड्युटीत सहाऐवजी दोनच लँडिंग करायची, असं ठरलं. १ जून २०२४ पासून हे लागू व्हायचं होतं. कंपन्या म्हणाल्या, जमणार नाही, आणि नियम लांबणीवर पडले. वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात उभ्या राहिल्या, तेव्हा कुठे दोन टप्पे ठरले: १ जुलै २०२५ आणि १ नोव्हेंबर २०२५. म्हणजे तयारीला जवळजवळ बावीस महिने मिळाले. बावीस महिन्यांत आपल्याकडे दोन खरीप, दोन रब्बी निघतात राव! एवढ्या वेळात माणसं भरता येत नाहीत, असं कोण म्हणेल?

विमान कंपनीत ड्युट्या कुणी वहीत लिहीत नाही. कॉम्प्युटर लावतो. कोणतं विमान कुठे, कोणता वैमानिक त्या विमानाचं प्रशिक्षण घेतलेला, कुणाचे किती तास भरले, कुणाचा मुक्काम कुठे, हे सगळं जुळवून महिन्याचा तक्ता निघतो. पण कॉम्प्युटरला जे सांगाल तेच तो करतो. 'कमीत कमी माणसांत जास्तीत जास्त उड्डाणं' असं सांगितलं की तो प्रत्येकाला नियमाच्या शेवटच्या मिनिटापर्यंत ताणतो. मग एक विमान दोन तास उशिरा आलं की त्या वैमानिकाचे तास संपतात, त्याच्या जागी दुसरा नसतो, आणि पुढची चार उड्डाणं कोसळतात. डीजीसीएच्या चौकशीचा निष्कर्षही जवळपास हाच निघाला: तक्ते ड्युटीचे तास जास्तीत जास्त वापरण्यासाठी बनवलेले होते, सावरायला जागाच ठेवलेली नव्हती. जानेवारी २०२६ मध्ये कंपनीला २२ कोटी २० लाखांचा दंड झाला.

आता मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट. गोंधळ उडाल्यावर सरकारने पहिल्यांदा काय केलं? ५ डिसेंबरला रात्रीच्या ड्युटीच्या नियमांतून त्याच कंपनीला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. आठवड्याच्या विश्रांतीच्या जागी रजा धरायची नाही, ही अटही मागे घेतली. उड्डाणं दहा टक्के कमी करायला लावली, पण ती नंतर. दंड तर महिनाभराहून उशिरा. तयारी केली नाही कंपनीने, आणि पहिला हात पडला वैमानिकाच्या झोपेवर.

झोपेचं एवढं काय, असं वाटत असेल तर २२ मे २०१० आठवा. दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान मंगळूरला धावपट्टी ओलांडून दरीत गेलं. १५८ माणसं गेली, आठ वाचली. चौकशीत निघालं की कॅप्टन प्रवासातला बराच वेळ झोपलेला होता, आणि उतरताना अर्धवट झोपेतून जागा झालेल्या माणसाचं भान जसं नसतं तशी त्याची अवस्था होती. शेजारचा सहवैमानिक विमान परत वर घ्या म्हणून सांगत राहिला.

आपल्या नागपूरचीही घटना आहे. १७ ऑगस्ट २०२३ ला पुण्याचं विमान घेऊन जाणारा इंडिगोचा वैमानिक नागपूर विमानतळावर बोर्डिंग गेटजवळच कोसळला आणि गेला. आदल्या दिवशी पहाटे त्याने उड्डाणं केली होती, मधे २७ तास विश्रांती मिळाली होती. तो थकव्यानेच गेला असं मी लिहिणार नाही, तसं सिद्ध झालेलं नाही. पण त्या दिवसानंतर वैमानिकांचा थकवा हा विषय दाबून ठेवता आला नाही, एवढं खरं.

काहीजण म्हणतील, लाखांनी पगार घेणाऱ्यांचं रडगाणं आम्हाला कशाला? मुद्दा रास्त आहे. अडकलेल्या प्रवाशाने वैमानिकाची दया करावी, असं मीही म्हणत नाही. पण पगार कितीही असो, पहाटे चारला डोळा जड होतोच. आणि त्याच्या डुलकीचा हिशेब त्याच्या पगारातून कापता येत नाही, तो मागे बसलेल्या दीडशे-दोनशे जणांकडून वसूल होतो.

मग हे थांबवायचं कसं? सरकारी नियम हवाच, पण तो संकटात वाकतो, हे डिसेंबरात दिसलं. म्हणून दुसरा आधार लागतो: कामगार आणि कंपनी यांच्यातला लेखी करार. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांच्या वैमानिक संघटना पगाराइतकीच ड्युटीवर घासाघीस करतात. तिथे वैमानिक दर महिन्याला आपली पसंती नोंदवतात, सेवाज्येष्ठतेनुसार ड्युट्या वाटल्या जातात, आणि ऐनवेळी बदल केला तर काय द्यायचं हेही करारात असतं. तिथे सगळं आलबेल आहे असं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये साउथवेस्ट कंपनीची ड्युटी लावणारी यंत्रणाच हिमवादळात कोलमडली, सोळा हजारांवर उड्डाणं रद्द झाली. पण ही यंत्रणा जुनाट झालीय, असा इशारा तिथली वैमानिक संघटना आधीपासून देत होती. कुठे दुखतंय हे ज्याला दुखतं त्याला आधी कळतं. ऐकायची सोय मात्र पाहिजे.

आपल्याकडे ती सोय मागणाऱ्याचं काय होतं? २००९ साली मुंबईत जेट एअरवेजच्या वैमानिकांनी संघटना काढली. पुढाकार घेणाऱ्या दोघांना नोकरीवरून काढलं. सप्टेंबरात शेकडो वैमानिक एकदमच 'आजारी' पडले, चार-पाच दिवस शेकडो उड्डाणं बंद, शेवटी काढलेल्यांना परत घ्यावं लागलं. बोलायला टेबल दिलं असतं तर प्रवाशांचे ते दिवस वाया गेले नसते.

आता या आपल्या स्टँडवर. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकाला दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. आता तो कायदा नव्या कामगार संहितेत गेला. कागदावर तास आहेत. पण मुक्कामी गाडी घेऊन गेलेला चालक रात्री कुठे पाठ टेकतो, हे आपण कधी विचारतो का? पहाटे पहिली फेरी त्यालाच काढायची असते आणि तिच्यात आपलीच कॉलेजची पोरं बसतात. शेगाव-पंढरपूर रस्त्यावर आपलं गाव आहे, वारीच्या दिवसांत जादा गाड्या लागतात. गाड्या जादा, पण चालक तेवढेच असतील तर ड्युटी कुणाच्या मानेवर बसते?

एसटीतही टेबलाचं तेच झालं. जून २०१८ मध्ये ४,८४९ कोटींची वेतनवाढ सरकारकडून एकतर्फी जाहीर झाली. संघटनांनी ती नाकारली आणि अचानक संप झाला. पुढे २०२१ च्या ऑक्टोबरअखेरपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत जो संप चालला, तो आपण सगळ्यांनी भोगला. त्यात विलीनीकरण गाजलं, पगार गाजला. ड्युटीचे तास आणि मुक्कामाची जागा यावर किती बोललं गेलं, आठवून बघा.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. विमान असो की लालपरी, ड्युटीचा तक्ता बनवताना तो ज्यांना पाळायचाय त्यांचा निवडलेला माणूस तिथे बसलेला असावा. तक्ता आधी जाहीर व्हावा. आणि विश्रांतीच्या नियमात सूट द्यायचीच वेळ आली तर ती का, किती दिवस आणि कुणाच्या सहीने, हे प्रवाशालाही कळावं, कारण जीव त्याचाही पणाला लागतो.

पुढच्या वेळी गाडी उशिरा आली की चालकावर खेकसण्याआधी एकदा विचारा, "भाऊ, काल रात्री किती वाजता आलात?" उत्तर काय मिळालं ते इथे कमेंटमध्ये लिहा. एसटीतले मित्र वाचत असतील तर त्यांनीही लिहावं, नाव नको असेल तर इनबॉक्समध्ये. पुरेशी माहिती जमली तर ड्युट्यांवर वेगळी बातमी करायचा विचार आहे.