जवळ बसायला कुणी हवं

जुलै उजाडला, पावसाने जोर धरला, की महाड-पोलादपूरकडच्या बायकांचा एक कान डोंगराकडे असतो. रात्री ताटली पडली तरी दचकून उठतात. दासगाव ज्यांनी पाहिलंय त्यांना हे सांगायला नको. एका बाजूला सावित्रीची खाडी, दुसऱ्या बाजूला डोंगर, मधून मुंबई-गोवा महामार्ग आणि डोंगराच्या कुशीत घरं. जुलै २००५ च्या शेवटच्या आठवड्यात हीच कूस खाली आली. दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते... एकट्या महाड तालुक्यात दोनशेच्या आसपास माणसं मातीखाली गेली.

त्यानंतर काही आठवड्यांनी मी दासगावला गेले होते. नात्यातल्या एक काकी आहेत, त्यांना भेटायला. घर गेलं होतं, घरातलं माणूसही गेलं होतं. सोबत माझी मिरजेची मैत्रीण होती, नर्स आहे, ख्रिस्ती आहे. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागलेली. जो येई तो काहीतरी बोले. कुणी म्हणे, "वरच्याच्या मनात असेल तेच होतं." कुणी पूर्वजन्म काढला. एका बाईंनी तर, "तू वाचलीस ना, त्यातच समाधान मान," असं सांगितलं. काकी तोवर गप्प होत्या. एवढंच म्हणाल्या, "वाचले, तेच तर सलतंय."

खरं सांगते, मीही काहीतरी तसलंच बोलणार होते. तोंडात शब्द तयार होता. माझ्या मैत्रिणीने मात्र कोपऱ्यातलं मदतीच्या तांदळाचं पोतं सोडलं, सुपात तांदूळ घेतले आणि काकींच्या शेजारी बसून निवडायला लागली. तासभर! थोड्या वेळाने काकींचा हातही सुपात गेला. दोघी एक अक्षर बोलल्या नाहीत.

परतताना एसटीत मी तिला छेडलंच. "तू एवढी देवभक्त, दर रविवारी चर्चला जाणारी. तुझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं?" तर तिने ईयोबाची गोष्ट सांगितली. बायबलमधला हा ईयोब भला माणूस. एका दिवसात मुलंबाळं, गुरंढोरं सगळं गेलं, मग अंगभर फोड आले. तीन मित्र भेटायला आले. त्याला बघून सात दिवस, सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर नुसते बसून राहिले. "तेवढे सात दिवस ते शहाण्यासारखे वागले," ती म्हणाली. "आठव्या दिवशी तोंड उघडलं आणि घोळ झाला. तुझंच काही पाप असेल, म्हणून समजावायला लागले. शेवटी देव त्या समजावणाऱ्यांवर रागावतो गं. भांडणाऱ्या ईयोबावर नाही!"

मला हे नवीन होतं. ख्रिस्ती माणसं दुःख मुकाट सोसतात, 'प्रभूची इच्छा' म्हणतात, असाच माझा समज. पण त्यांच्या स्तोत्रांत देवाकडे केलेल्या तक्रारी भरपूर आहेत, एक स्तोत्र तर अंधारातच संपतं. क्रुसावर खिळलेला येशूसुद्धा मला का टाकलंस, असं देवाला विचारतो. आपल्याला यात परकं वाटायचं कारण नाही. दुष्काळात बायको-मुलगा गमावलेले आपले तुकोबा विठ्ठलाशी काय कमी भांडले?

मैत्रिणीची पणजी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली. दुष्काळातून आणलेली पोर. त्यामुळे तिच्या घरात पंडिता रमाबाईंचं नाव देव्हाऱ्यातल्यासारखं. मी रमाबाईंबद्दल शाळेत चार ओळी वाचलेल्या, तिच्यामुळे पुढे नीट वाचलं. आणि चकित झाले ते त्यांच्या विद्वत्तेने नाही, त्यांच्या वाट्याला आलेल्या मरणांनी.

१८५८ चा त्यांचा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत तीर्थोतीर्थी हिंडायचे, मागे सारं कुटुंब. १८७० नंतरच्या दुष्काळात दागिने विकले, भांडी विकली, शेवटी झाडपाला खाल्ला. वडील गेले, पाठोपाठ आई, मग थोरली बहीण. उरल्या रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी उत्तरेकडे निघाली. झेलमच्या काठी थंडीत पांघरूण नाही, म्हणून वाळूत खड्डे खणून गळ्यापर्यंत वाळू ओढून झोपत. दासगाव बघून आल्यावर हे वाचताना मला पुस्तक खाली ठेवावं लागलं होतं. मग बंगालमध्ये भाऊ गेला. १८८० मध्ये लग्न, १८८२ मध्ये नवरा पटकीने गेला. पदरात मनोरमा, वर्षाचीही नाही. चोविसाव्या वर्षी या बाईने इतकं पाहिलं होतं.

१८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याचा केवढा गदारोळ इथे झाला, आश्रयाला आलेल्या मुलींच्या धर्मांतरावर किती वाद झाले, ते सर्वांना ठाऊक आहे. तो वाद खोटा नव्हता, आजही त्यावर दोन मतं असू शकतात. मला इथे पाहायचंय ते एवढंच, की त्या श्रद्धेने त्यांच्या दुःखाचं काय केलं? दुःख पुसलं नाही. मात्र १८९६-९७ चा दुष्काळ पडला, तेव्हा स्वतःची उपासमार आठवून त्या थेट मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. केडगावची मुक्ती त्यातून उभी राहिली. तिथे विणकाम, शेती, छपाई, सगळं बायकाच करायच्या.

आणि म्हणून सगळं सोसावं असंही त्यांनी सांगितलं नाही हं. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यातल्या छावण्यांत बायकांचे जे हाल झाले त्यावर त्यांनी वर्तमानपत्रात सडकून पत्र लिहिलं. गव्हर्नरला चिडून खुलासा करावा लागला. देवावर भरवसा आणि सरकारला जाब, दोन्ही एकाच पदराच्या गाठी. हे मुद्दाम सांगतेय. कारण दासगावच्या दरडग्रस्तांना पुढे कित्येक वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये काढावी लागली. उन्हाळ्यात तापणारा पत्रा, पावसात कानठळ्या. अशांना 'धीर धरा' म्हणणं फार सोपं असतं. पक्कं घर मिळेपर्यंत 'धीर' हा शब्द सरकारी कागदासारखाच वाटतो.

१९२१ मध्ये मनोरमाही गेली. चाळिशीतली, आईच्या सगळ्या कामाचा आधार असलेली लेक. रमाबाई मराठी बायबलच्या भाषांतरात गुंतल्या होत्या. ते काम त्यांनी सोडलं नाही, पुढच्या एप्रिलमध्ये त्या गेल्या तोवर ते चालूच होतं. मेलेली माणसं पुन्हा भेटतील, हा त्यांचा विश्वास होता. तो सर्वांना मानता येईल असं नाही. मलाही जमत नाही. मैत्रिणीला मी तसं बोललेही. ती हसली. म्हणाली, "शुक्रवारी येशू गेला, रविवारी उठला, हे आम्ही झटकन सांगतो. मधला शनिवार कुणी सांगत नाही. पुष्कळ बायका शनिवारातच राहतात, त्यांना रविवारची घाई करू नये." मग म्हणाली, "आणि रविवारी पहाटे थडग्याकडे बायका गेल्या, त्या काही आशेने गेल्या नव्हत्या. प्रेताला सुगंधी द्रव्यं लावायचं राहिलं होतं, ते काम उरकायला गेल्या होत्या."

तिचं तांदूळ निवडणं मला तेव्हा कळलं.

मैत्रिणींनो, दुःखाच्या घरी जाताना आपण काय बोलायचं याचीच काळजी करतो. तिथे पाणी भरायचं असतं. लहान पोरांना न्हाऊ घालायचं असतं. पंचनाम्याच्या, दाखल्यांच्या कागदांसाठी तहसील कचेरीत बाईमाणसासोबत खेपा घालायच्या असतात. मातीखालून देहच मिळाला नसेल, तर मृत्यूचा दाखला मिळवणं हा वेगळाच छळ असतो आणि तिथे सोबत लागते. सहा महिन्यांनी, रीघ आटल्यावर, पुन्हा जायचं असतं.

२२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातच तळियेवर दरड आली. ऐंशीहून अधिक माणसं गेली. महाड शहर पाण्यात, रस्ते बंद. मी काकींना फोन लावत होते, लागेना. चार दिवसांनी लागला, तर त्या तळियेला जाऊन आल्या होत्या.

"काय बोललात हो तिथल्या बायकांशी?" मी विचारलं.

"काय बोलायचं?" काकी म्हणाल्या. "बसले. एकीची पोर झोपत नव्हती, तिला मांडीवर घेतलं. उद्या परत जायचंय, टोप घेऊन. त्यांच्याकडे मोठा टोप नाही."