‘डूम’ : निवाडा की नियती?

इंग्रजी साहित्य शिकवताना वा अनुवादित करताना ‘डूम’ हा शब्द आला, की आपण ‘सर्वनाश’ किंवा ‘दुर्दैव’ असे लिहून पुढे सरकतो. आजच्या इंग्रजीपुरते ते बहुधा खपूनही जाते. पण त्यात शब्दामागचा न्यायाधीश हरवतो, असे आम्हांस वाटते.

जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘दोम’ असा होता आणि त्याचा अर्थ कायदा, निवाडा. नवव्या शतकातील आल्फ्रेड राजाच्या कायदेसंहितेस ‘दोमबोक’ म्हणत. आइल ऑफ मॅन या बेटावरील न्यायाधीशास आजही ‘डीमस्टर’ म्हणतात. ‘बेवुल्फ’मध्ये तर हाच शब्द कीर्ती या अर्थानेही येतो, माणसाविषयी लोकांनी दिलेला निवाडा म्हणजेच त्याची कीर्ती! नियतीसाठी त्या भाषेत ‘वुर्द’ हा वेगळा शब्द होता. आजचा ‘वीअर्ड’ हा त्याचा वंशज.

मग निवाड्याचा सर्वनाश कसा झाला? ‘डूम्सडे’ म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेतील अंतिम न्यायाचा दिवस. मध्ययुगीन इंग्लंडमधील चर्चच्या भिंतींवर त्याची चित्रे रंगवीत. त्यांनाही ‘डूम’च म्हणतात. त्यांत उद्धरलेले जीवही असतात, पण मनावर ठसतो तो नरक. निवाड्यापेक्षा शिक्षेचे भय मोठे ठरले आणि १६००च्या सुमारास शब्दास विनाशाचा अर्थ चिकटला. तरीही ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये वेरोनाच्या अधिपतीचा ‘डूम’ म्हणजे रोमिओस फर्मावलेली हद्दपारी होय. तेथे ‘सर्वनाश’ लिहिणे ही सरळ चूक आहे.

मराठी वाचकास हा प्रवास परका वाटू नये. ‘दोम’ ज्या आदिम धातूपासून आला, त्याचेच संस्कृत रूप ‘धा’, म्हणजे ठेवणे, स्थापणे. त्यातूनच आपला ‘विधी’ आला. कायदे करते ते विधिमंडळ आणि टळत नाही ते विधिलिखित! घालून दिलेला नियम आणि ललाटीचा लेख, दोन्ही एकाच शब्दात नांदतात.

हा केवळ व्युत्पत्तीचा खेळ नव्हे. आज हवामानबदलाच्या चर्चेत ‘डूम’ सर्रास ऐकू येतो, तो नियतीच्या अर्थाने. नियती म्हटली, की कोणीच उत्तरदायी उरत नाही. निवाडा म्हटला, की कृत्य कोणाचे आणि शिक्षा कोणास, हे विचारावेच लागते. वर्गात हा शब्द आला, तर प्रतिशब्द सांगण्याआधी हा प्रश्न विचारला जावा, एवढेच आमचे म्हणणे.