सोळा तासांचें अंतर

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरचा एखादा मुलगा, मुलगी किंवा भाचा आज अमेरिकेंत आहे. त्यामुळें न्यूयॉर्क किती लांब, असें विचारल्यास घरांतील लहान मूलही "सोळा तास" म्हणून सांगतें. हें उत्तर कितपत खरें, याचा विचार करूं.

मुंबई व न्यूयॉर्क येथील विमानतळांमधील जवळांत जवळचें अंतर सुमारें १२,५०० किलोमीटर आहे. शाळेंतील मर्केटरच्या नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढिली, तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका व अटलांटिक महासागर यांवरून जाते. पण त्या रेघेनें गेल्यास सुमारें १,७०० किलोमीटर अधिक पडतात. पृथ्वी गोल असल्यामुळें जवळची वाट उत्तरेस कलून रशिया, स्वीडन, आइसलंड अशी जाते. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० च्या सिद्धांतशिरोमणींत सांगितलेंच आहे कीं, मोठ्या परिघाचा अल्प अंश सपाट भासतो. नकाशा पाहतांना आपण हीच गोष्ट विसरतों.

विमानाचा वेग ताशीं सुमारें ९०० किलोमीटर धरला, तर १४ तास होतात. परंतु उंचावरील वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जातांना ते समोरून येतात, परततांना पाठीशीं असतात. म्हणून न थांबणाऱ्या विमानासही जावयास सुमारें १६ व यावयास सुमारें १४ तास लागतात. शिवाय आकाशांतील वाटाही राज्यांच्या मर्जीवर असतात. एप्रिल २०२५ मध्यें पाकिस्ताननें आपलें आकाश भारतीय विमानांस बंद केलें, तेव्हां उत्तर अमेरिकेचे कित्येक प्रवास लांबले.

आतां खरें गणित पाहूं. हिंवाळ्यांत तेथील घड्याळ आपल्यामागें साडेदहा तास असतें. पुण्यांत सायंकाळीं ६ वाजतां वडिलांच्या निधनाची वार्ता धाडली, तर मुलास ती सकाळीं साडेसात वाजतां कळते. त्याच दिवशीं दुपारीं १२ चें थेट विमान मिळालें, तरी तो मुंबईस उतरतो दुसऱ्या दिवशीं दुपारीं साडेबारास. आणि सामान घेऊन, घाट चढून पुण्यास घरीं पोंचेपर्यंत पुन्हां सहा वाजतात. सर्व अनुकूल असतां पुरते २४ तास ! तिकीट न मिळालें, वाटेंत विमान बदलावें लागलें किंवा पारपत्राची मुदत संपलेली निघाली, तर दोन-तीन दिवस सहज जातात.

म्हणून आमचें वडील मंडळींस सांगणें आहे कीं, "कशाला त्याच्या जीवास घोर ?" असें म्हणून दुखणें लपवूं नये. आजार गंभीर दिसतांच कळवावें. जिवंतपणींची एक भेट अंत्यदर्शनाहून मोलाची आहे. मुलांनींही पारपत्र व प्रवेशाचे कागद नेहमीं सिद्ध ठेवावे. आणि आपल्यामागें किती वेळ थांबावें, अग्नि कोणीं द्यावा, हें वडिलांनीं स्वमुखानें, प्रकृति धड असतांनाच सांगून ठेवावें. घरीं असेल त्या मुलानें, मुलीनें किंवा पुतण्यानें अग्नि द्यावा व दूरच्यानें दहाव्या दिवसापर्यंत यावें, एवढें जरी ठरलेलें असलें, तरी मागें राहिलेल्यांस त्या रात्रीं वाद घालावा लागत नाहीं. आणि विमानांत एकटा बसलेल्या मुलाच्या मनावर उशिराचा दोष राहत नाहीं.