सही करण्याआधी आकडा वाचा

ऐन लग्नसराईतली गोष्ट. रात्रीचे साडेदहा वाजले असतील. जेवणं आटोपून मी ओट्यावर बसले होते. आमच्या गल्लीतली एक मुलगी लगबगीनं घरी चालली होती. मुलगी म्हणजे आता दोन लेकरांची आई, पण लहानपणापासून पाहिलेली म्हणून माझ्या तोंडी मुलगीच. बाजारपेठेतल्या साड्यांच्या दुकानात ती कामाला आहे.

"अगं, एवढा उशीर?" मी विचारलं.

"सीझन आहे ना, काकू. गिऱ्हाईक गेल्यावर घड्या घालाव्या लागतात. दहाला दुकान सुटलं."

सकाळी दहाला गेलेली ती. जेवणाचा अर्धा तास सोडला तरी साडेअकरा तास उभी. आठवड्याची सुट्टी धरूनही ६९ तास झाले. जादा वेळेचे काय मिळतात, असं विचारलं तर हसली. "शेठ दिवाळीला साडी देतात की!"

मग हळूच टेकली आणि पगाराचं बोलली. हातात सात हजार, रजिस्टरवर सही तेरा हजारांवर. "वरचा आकडा मी बघतच नाही, काकू. शेठ बोट ठेवतात तिथं सही करते."

त्या रात्री मला झोप आली नाही. कारण मैत्रिणींनो, ही सही मीसुद्धा केलेली आहे. लग्नानंतर तीन वर्षं मी एका विनाअनुदानित शाळेत शिकवत होते. पगाराच्या दिवशी क्लार्क आकड्यावर पट्टी ठेवायचे आणि पट्टीखाली मी सही करायची. पुढेमागे कायम होऊ, ही आशा. वाईट कशाचं वाटायचं सांगू? घरी मी खरं सांगितलंच नव्हतं. सासूबाईंना वाटायचं, सून पगारातले पैसे माहेरी देते. चोरी शाळेनं केली आणि चोर मी ठरले. तरी गप्प राहिले, कारण फसवले गेलो हे सांगायचीच लाज वाटायची.

ही लाज आपल्याला महाग पडते. दुकान, दवाखाना, शाळा, पतपेढी, जिथं जिथं चार बायका कामाला आहेत तिथं चौकशी करा, हीच कहाणी निघेल. हल्ली पगार बँकेत जमा होतो, तर काही ठिकाणी त्यातले अर्धे काढून मालकाच्या हातावर परत ठेवावे लागतात.

मालकांचीही बाजू आहे. पूर्वीसारखा धंदा राहिला नाही, गिऱ्हाईक मोबाइलवर साड्या मागवतं, भाडं वाढलं. हे सगळं खरं असेल. पण मग रजिस्टरमध्ये सात हजारच लिहा ना! तेरा कशाला लिहिता? खोटा आकडा लिहिणाऱ्याला खरा आकडा पक्का ठाऊक असतो, म्हणून तर तो लिहितो.

कायदा काय सांगतो, तेही पाहू. २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशभर लागू झाली. दुकान लहान असो की मोठं, सरकारनं ठरवलेल्या किमान वेतनापेक्षा कमी देता येत नाही. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत मिळायला हवा. पगाराची चिठ्ठी मिळायला हवी. ठरलेल्या तासांपेक्षा जास्त काम केलं तर त्याचे पैसे किमान दुप्पट दरानं. राहिलेल्या पैशासाठी तीन वर्षांपर्यंत दावा करता येतो. आणि सर्वांत मोलाचं म्हणजे, पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे, आपल्यावर नाही.

आता लक्षात आलं ना, शेठ बोट का ठेवतात? कायद्यानं त्यांच्याकडे पुरावा मागितला, तर तो पुरावा आपणच दर महिन्याला आपल्या हातानं लिहून देतो.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र केलं. त्यांच्या मागण्या काय होत्या? रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि वेळेवर पगार. पुढे २४ एप्रिल १८९० ला दहा हजार कामगारांची सभा भरली, त्यात दोन कामगार बायकाही उभं राहून बोलल्या. त्याच वर्षी जून महिन्यात रविवारची सुट्टी मान्य झाली. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी त्या बायका दहा हजारांसमोर बोलल्या, आणि आपण एका शेठसमोर आकडा वाचत नाही!

नोकरी जाईल ही भीती खोटी नाही. म्हणून एकटीनं भांडायला जाऊ नका. आधी एक वही घाला. रोज किती वाजता गेलो, किती वाजता सुटलो, हातात किती मिळाले, तारखेनिशी लिहा. कोऱ्या कागदावर सही नको. जमेल तिथं सहीशेजारी मिळालेली रक्कम लिहा. मग तिघी-चौघी मिळून सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे जा, नाहीतर एखाद्या कामगार संघटनेकडे. नोंदणी झालेली संघटना आपल्या सभासदाच्या वतीनंही दावा करू शकते.

आणि गिऱ्हाईक म्हणून आपणही थोडं शिकूया. रात्री साडेनऊला दुकानात शिरायचं, पन्नास साड्या उलगडायला लावायच्या आणि "उद्या बघते" म्हणून निघायचं, हे मीही केलंय. त्या घड्या कोण घालतं, ते आता कळलं.

त्या मुलीनं वही घातली आहे. मागच्या पगाराला शेठनी बोट ठेवलं, तेव्हा तिनं थांबून वरचा आकडा मोठ्यानं वाचला. काउंटरवरच्या बाकीच्या तिघी बघत राहिल्या. सही तिनं केलीच, घर चालवायचंय तिला. पण आता त्या तिघींनीही वह्या घेतल्या आहेत. कामगार अधिकाऱ्याकडे चौघी मिळून जाणार आहेत आणि मला सोबत बोलावलंय.

मी जाणार आहे. माझ्या तीन वर्षांचं आता काही होणार नाही. पण पट्टीखालचा आकडा वाचायचा राहून गेला, तो निदान तिच्याबरोबर वाचीन.