तीन दिवसांचें व्हेनिस

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें-नातवंडें आज शिक्षणासाठीं वा नोकरीनिमित्त युरोपांत आहेत. त्यांच्या भेटीस गेलेलीं वडील माणसें परतण्यापूर्वीं दोन-तीन दिवस इटलींतील व्हेनिस या कालव्यांच्या शहरास देतात. इतक्या अल्प अवकाशांत तें कसें पाहावें, असा प्रश्न मग घरांत निघतो, व त्याचें उत्तर बहुधा एका लांबलचक यादीनें दिलें जातें. यादी पुरी होते; शहर मात्र पाहावयाचें राहून जातें. म्हणून या वेळीं यादीपेक्षां दृष्टीचा विचार अगोदर करूं.

व्हेनिस हें एड्रियाटिक समुद्राच्या कांठीं, वाळूच्या अरुंद पट्ट्यांनीं अडविलेल्या एका उथळ खाऱ्या सरोवरांत वसलें आहे. सुमारें ११८ लहान बेटें व चारशेंहून अधिक पूल असा त्याचा पसारा. मऊ चिखलांत लांकडी मेखा दाटीनें ठोकाव्या, त्यांवर दगडाचे थर रचावे आणि त्यांवर घर उभारावें, अशी येथील बांधणी. चिखलांत हवा पोंचत नसल्यामुळें तें लांकूड शतकानुशतकें टिकलें आहे.

परंतु बांधण्यापेक्षां राखणें कठीण. समुद्र आंत आला तर शहर बुडावें, आणि नद्यांचा गाळ सांचला तर सरोवर भरून शहराचा प्राणच जावा, असें दुहेरी भय येथें नित्याचें होतें. १५०१ सालीं तेथील गणराज्यानें पाण्याच्या कारभारासाठीं स्वतंत्र अधिकारी नेमले. ब्रेंता, पियावे इत्यादि नद्यांचे प्रवाह मोठ्या खटाटोपानें वळवून सरोवराबाहेर नेले. आपल्या काळांतील भय समुद्राचें आहे. ४ नोव्हेंबर १९६६ रोजीं पाणी ठरीव पातळीच्या वर १९४ सेंटिमीटर चढलें. १२ नोव्हेंबर २०१९ रोजीं १८७. सरोवराच्या तिन्ही मुखांशीं तळाला ७८ पोलादी दरवाजे निजवून ठेवले आहेत. मोठ्या भरतीचा अंदाज आला कीं, त्यांत हवा भरून आंतलें पाणी काढतात व ते वर उठून समुद्र अडवितात. २०२० च्या ऑक्टोबरांत त्यांनीं प्रथम भरती परतविली. एवढी गोष्ट ध्यानीं धरून शहर पाहावें, म्हणजे तेथील प्रत्येक पायरीस व प्रत्येक विहिरीस अर्थ येतो.

आतां मुक्कामाविषयीं. खर्च वांचविण्यासाठीं पलीकडे, मुख्य भूमीवरील मेस्त्रे येथें उतरण्याचा मोह होतो. तो आवरून दोन रात्री तरी बेटांवर काढाव्या. दिवसां सेंट मार्कच्या चौकांत मुंगीस शिरावयास जागा नसते. एका दिवसासाठीं आलेली मंडळी सायंकाळीं परतली कीं शहर आपलें खरें रूप धारण करतें. पहांटे भाजीच्या, सामानाच्या, कचऱ्याच्या नावा निघतात. रुग्णाला इस्पितळांत नावेनेंच नेतात, आणि मृताला स्मशानाच्या बेटावर नावेनेंच पोंचवितात. मोटारी शहराच्या वेशीवरच थांबतात. बहुतेक पुलांना पायऱ्या आहेत; म्हणून गुडघेदुखी असलेल्या वडील माणसांसाठीं बिऱ्हाड नावेच्या थांब्याजवळ घ्यावें व सामान बेताचें असावें.

पहिल्या दिवशीं रेल्वे-स्थानकासमोरून १ क्रमांकाची सार्वजनिक नाव धरावी. तिला वापोरेत्तो म्हणतात. ती मुख्य कालव्यानें थांबत थांबत पाऊण तासाच्या आंतबाहेर सेंट मार्कपर्यंत नेते. हा कालवा पावणेचार किलोमीटरांचा, नागमोडी. दोहों तीरांवरील वाड्यांचे थोरले दरवाजे पाण्याकडे उघडतात, कारण मालाचा व पाहुण्यांचा रस्ता तोच होता. वाटेंत लागणारा रिआल्तोचा दगडी पूल १५८८ ते १५९१ या काळांत एकाच कमानीवर उभारला. १८५४ पर्यंत मुख्य कालव्यावर हा एकटाच पूल होता. गोंडोला नांवाची काळी, निमुळती नाव फार महाग पडते. हौस भागवावयाची तर कांहीं ठिकाणीं लोकांना या तीरावरून त्या तीरावर पोंचविणारी सामाईक गोंडोला थोडक्या पैशांत मिळते.

दुसरे दिवशीं सकाळीं लवकर सेंट मार्कचें मंदिर व शेजारचा दोजेचा राजवाडा पाहावा. दोजे म्हणजे गणराज्याचा निवडून दिलेला आजन्म अध्यक्ष. मंदिरांत जातांना खांदे व गुडघे झांकलेले असावे. छतावरील सोनेरी कांचखड्यांचीं चित्रें तर पाहावींच, परंतु मुलांना दर्शनी भागावरील चार घोड्यांची कथा अवश्य सांगावी. ते १२०४ सालीं कॉन्स्टँटिनोपलच्या लुटींत व्हेनिसला आले. १७९७ सालीं नेपोलियननें व्हेनिस जिंकून ते पॅरिसला नेले. १८१५ सालीं ते परत आले. आज बाहेर प्रतिकृति असून मूळ घोडे आंत जपून ठेवले आहेत. समोरचा घंटामनोरा १९०२ सालीं कोसळला व १९१२ सालीं पूर्ववत् उभा राहिला. जुन्या मनोऱ्यावरूनच १६०९ सालीं गॅलिलिओनें गणराज्याच्या मान्यवरांना आपली दुर्बीण दाखविली होती.

याच चौकालगत, पाण्याकडे तोंड करून सोळाव्या शतकांतील टांकसाळ उभी आहे. तिच्यापुढें आपल्याकडील गृहिणींनीं क्षणभर थांबावें. व्हेनिसनें १२८४ सालापासून साडेतीन ग्रॅम वजनाचें एक सोन्याचें नाणें पाडलें, आणि १७९७ सालीं गणराज्य संपेपर्यंत त्याच्या वजनांत व कसांत जवळजवळ फरक पडूं दिला नाहीं. त्यावर उभा सेंट मार्क व त्याच्यापुढें गुडघे टेकलेला दोजे असे. पश्चिम समुद्राच्या व्यापारांतून हें नाणें आपल्या किनाऱ्यास आलें, आणि त्यावरील आकृतींवरून आपल्या लोकांनीं त्यास पुतळी म्हटलें. आजेसासूबाईंच्या पेटींतील पुतळ्यांच्या माळेचें कुळ असें दूरचें आहे. टांकसाळीला तेथें झेक्का म्हणतात. हा शब्द अरबी सिक्का शब्दापासून निघाला, म्हणजे आपल्या शिक्क्याचा तो सख्खा भाऊच.

दुपारीं गर्दीची वाट सोडून गल्ल्यांत शिरावें. चुकण्याचें भय नको. भिंतींवर रिआल्तो व सेंट मार्क यांकडे नेणाऱ्या पाट्या आहेत. येथील लहान चौकांना काम्पो, म्हणजे शेत, असें म्हणतात. काम्पोच्या मध्यभागीं बहुधा दगडी कठड्याची विहीर दिसेल. ती जमिनींतल्या झऱ्याची नव्हे. खालीं चिकणमातीनें लिंपलेला वाळूचा हौद असून, फरशीच्या उतारावरून आलेलें पावसाचें पाणी वाळूंत गाळून मधल्या विटांच्या कूपांत सांचे. १८८४ सालीं मुख्य भूमीवरून नळ येईपर्यंत साऱ्या शहराची तहान मुख्यतः यांवर भागे. चित्रांची आवड असेल त्यांनीं फ्रारीच्या मंदिरांतील टिशियनचें १५१८ चें देवमातेच्या स्वर्गारोहणाचें चित्र, व लगतच्या सान रोक्को सभागृहांतील तिंतोरेत्तोचीं चित्रें पाहावीं. याहून अधिक चित्रशाळा तीन दिवसांत पचत नाहींत.

जेवणाविषयीं एक सूचना. तांदूळ व मटार यांची रिझी ए बिझी नांवाची येथील जुनी खिचडी शाकाहारी दिसते. परंतु तिच्यांत डुकराचें मांस व मांसाचा रस घालण्याची चाल आहे. म्हणून विचारल्यावांचून पानांत घेऊं नये.

तिसरा दिवस सरोवरास द्यावा. मुरानो बेटावर १२९१ पासून कांचेचा धंदा आहे, कारण भट्ट्यांच्या आगीच्या भयानें गणराज्यानें तो तेथें हलविला. तथापि एकच बेट पाहावयाचें तर तोर्चेल्लो पाहावें. तेथील मुख्य मंदिराची स्थापना ६३९ सालची. एके काळीं हें भरभराटीचें गांव होतें. पुढें भोंवतालचें पाणी गाळानें भरलें, हिंवतापानें घर केलें, व लोक उठून गेले. आज तेथें एक भव्य मंदिर व मोजकीं घरें एवढेंच उरलें आहे.

तोर्चेल्लो पाहून व्हेनिसला परततांना मनांत विचार येतो तो हा, कीं पाणी अडविलें तरी गांव ओस पडूं शकतो. १९५१ च्या सुमारास व्हेनिसच्या बेटांवर पावणेदोन लाख लोक राहत. २०२२ सालीं ती संख्या पन्नास हजारांखालीं गेली. रोजगार मुख्य भूमीवर गेला, घरांचीं भाडीं चढलीं, राहत्या घरांच्या धर्मशाळा झाल्या. २०२१ सालीं प्रचंड प्रवासी जहाजांना शहराच्या मध्यांतून जाण्यास बंदी झाली. २०२४ पासून ठराविक दिवशीं, एका दिवसापुरतें येणाऱ्यांवर प्रवेशकर बसला. रात्रीं मुक्काम करणाऱ्यास तो द्यावा लागत नाहीं, पण नोंद करावी लागते. ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नसते तो अतिथि, अशी व्युत्पत्ति सांगतात. व्हेनिसच्या अतिथीनें मात्र आपली तिथि आगाऊ कळवावी हें बरें.

यजमानाचा धर्म आपण जाणतों; पाहुण्याचाही एक धर्म असतो. पुलावर बसून शिदोरी सोडूं नये, अरुंद गल्लींत चौघांनीं हातांत हात घालून चालूं नये, फळें-पाव आठवडाभर तेथेंच राहणाऱ्याच्या दुकानांतून घ्यावा. आणि घरीं परतल्यावर नातवंडांना किती मंदिरें पाहिलीं हें विचारूं नये. त्या शहरांत पाणी कोठपर्यंत येतें, तें कोण अडवितो, आणि तेथें अद्यापि कोण राहतो, एवढें त्यांना सांगतां आलें म्हणजे तीन दिवस सत्कारणीं लागले असें समजावें.