खाऱ्या पाण्याचा पाहुणा

परवा नातू लाडीगोडी लावत जवळ येऊन बसला. म्हटलं, स्वारीला काहीतरी हवंय! हवा होता हेकरू. खायला नव्हे हो, पाळायला! हॉलमध्ये चार फुटी काचपेटी, तिच्यात खारं पाणी आणि त्यात हे शिकारी ध्यान. पैसे अर्थात आजीच्या पेन्शनमधून.

मी मराठीची बाई, तरी हिशेब मांडलाच. चार बाय दीड बाय दीड फूट म्हणजे सुमारे २५० लिटर पाणी. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार. म्हणजे पावणेनऊ किलो मीठ, तेही स्वयंपाकघरातलं चालत नाही. हेकरू भक्ष्य अख्खं गिळतो, त्यामुळे घाणही तशीच. त्यातला अमोनिया संपवणारे जिवाणू पेटीत तयार व्हायलाच काही आठवडे जातात. वीज गेली की पंप बंद, आणि माशाचा जीव टांगणीला. २०१९ च्या महापुरात आपल्या कोल्हापुरात विजेचे काय हाल झाले, आठवतंय ना?

आणि मासा काही पेटी बघून वाढत नाही. हेकरूच्या काही जाती तीन-चार फूट होतात. मग त्याने वळायचं कुठे?

"मोठा झाला की रंकाळ्यात सोडू!"

अरे बाळा, रंकाळा गोड्या पाण्याचा! तिथे तो तडफडून मरेल. समुद्रात सोडणंही बरं नाही. विषारी काट्यांचा लायनफिश मूळचा हिंदी आणि प्रशांत महासागरांतला. १९८५ साली तो फ्लोरिडाजवळ दिसला. हौशी लोकांनीच सोडला असावा, असं मानतात. आता तो तिथले लहान मासे फस्त करतोय.

उपदेश करायला मी तरी कोण? नोकरीच्या सुरुवातीला मुलांना दाखवायला वर्गात बरणीत मासे ठेवले होते. सोमवारी दार उघडलं तर सगळे मेलेले. मुलं रडू लागली आणि मी म्हटलं, "पुस्तकं काढा." ते अजून टोचतं.

मला वाटतं, ज्याला आपण पुरेशी जागा देऊ शकत नाही, त्याला घरी आणू नये. मग तो कितीही आवडो.

नातू चार दिवस रुसलाय. पेन्शनमधून पैसे देणार आहे मी, पण मालवणच्या प्रवासाचे. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्यात डोकं घालून मासे बघता येतात. त्यांच्या घरी आपण पाहुणे. बघू, रुसवा जातो का!