ड्रेसिंग झाले, जखम किती भरली?

मधुमेही काकांच्या तळपायाला जखम आहे. एक दिवसाआड ब्रदर घरी येतो, पट्टी सोडतो, सलाईनने जखम धुतो, नवी पट्टी बांधतो आणि निघताना सांगतो, ‘छान भरतेय हो काका.’ घरच्यांच्या जिवात जीव येतो. महिन्याने सर्जन विचारतात, ‘आधी केवढी होती?’ काका बायकोकडे बघतात, बायको सुनेकडे. तोवर नर्सिंग ब्युरोने ब्रदरही बदललेला असतो.

सर्जनचा प्रश्न उगाच नसतो. २००३ साली ‘डायबेटिस केअर’ या नियतकालिकात पायाच्या जखमा असलेल्या २०३ मधुमेहींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या जखमेचे क्षेत्रफळ चार आठवड्यांत निम्म्याहून थोडे अधिक किंवा त्याहूनही जास्त घटले, त्यांच्यापैकी ५८ टक्के रुग्णांची जखम बारा आठवड्यांत भरली. बाकीच्यांत हे प्रमाण अवघे ९ टक्के होते. उपचार बदलायचे का, याचा अंदाज पहिल्या महिन्यातच येऊ शकतो. मात्र पहिल्या दिवसाचे माप हाताशी हवे.

आणि माप घेणे अवघड मुळीच नाही. सेंटिमीटरची कागदी पट्टी घ्यायची, लांबी-रुंदी दर वेळी त्याच दिशेने मोजायची. खोली मोजायला प्रशिक्षित हात आणि निर्जंतुक कापसाची काडी. तळाशी लाल दाणेदार मांस आहे, पिवळट चिकट थर आहे की काळी खपली, हेही लिहायचे. पू, वास, कडेखालची पोकळी यांचीही नोंद हवी. बेडसोरसाठी तर ‘पुश’ नावाची तयार गुणपद्धत आहे: आकार, स्राव आणि तळाचा प्रकार यांना मिळून ० ते १७ गुण. गुण उतरत गेले, की जखम भरतेय.

नुसता आकडा कधी फसवतोही. मेलेला थर काढल्यावर जखम आदल्या दिवसापेक्षा मोठी दिसते. तो काढल्याचे लिहिले नसेल, तर घरात रडारड ठरलेली. नजरही फसते: बेडसोरची पहिली खूण म्हणून सांगितला जाणारा लालसरपणा सावळ्या कातडीवर सहज दिसत नाही. तिथे हात लावून ऊब आणि कडकपणा पाहावा लागतो.

व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो की, असे घरचे म्हणतील. फ्लॅशने ओली जखम चमकते, शेजारी मोजपट्टी नसते, आणि महिन्याभराचे फोटो लग्नाच्या फोटोंत हरवतात. एकाच अंतरावरून, मोजपट्टी आणि तारीख दिसेल असा आठवड्याला एक फोटो त्यापेक्षा कितीतरी उपयोगी.

सुरुवात मात्र रुग्णालयानेच करायला हवी. डिस्चार्ज कार्डावर ‘रोज ड्रेसिंग’ एवढेच लिहून रुग्णाला घरी धाडणे हा कामचुकारपणा आहे. त्याच कार्डावर पहिले माप हवे आणि खाली रिकामे रकाने. ते भरल्याशिवाय ब्युरोचे बिल चुकते करू नये. दिवसाचे पैसे मोजणाऱ्या कुटुंबाला एवढा कागद मागण्याचा हक्क नक्कीच आहे.